सखूचं पुढं काय झालं

आमच्या गावात एका इंग्रजी सिनेमातली मोलकरीण अजून सगळ्यांच्या ध्यानात हाये. हिरोईन कोण व्हती म्हणून इचारा, एकाला सांगता यायचं न्हाई. ती लई गोरी व्हती आन् सारखी रुसून जिना चढायची, एवढंच. पण मोलकरणीचं इचारलंत, तर बोरी बुद्रुकची दात पडलेली म्हातारीबी सांगल. तिचं नाव सखू, आन् फाट्यावर तिचं हाटेल हाये.

हे सगळं आमच्या मालकांचं काम. मी त्यांचं नाव घेत न्हाई, पण घेतल्याबिगर तुमाला कळायचं न्हाई, पावणं, म्हणून घेते. सावळेराम. गाव नाना म्हणतं. बैलगाड्याच्या शर्यतीच्या घाटात ह्ये माईकवर पुकारायचे. जुन्नरची जत्रा असू द्या न्हाईतर आंबेगावची, घाटात आवाज ह्यांचा. बारी, म्हंजी पळायची पाळी, कुणाची, बैल कुणाचे, गाडा कुठवर आला, सगळं एका दमात. आवाज असा, की घाटाच्या वरच्या टोकाला आईच्या मांडीवर झोपलेलं पोर दचकून उठायचं. जत्रा शेजारच्या गावात असली तरी मला घरी भाकरी थापताना वाऱ्यावर आवाज यायचा. त्यावरनं मला कळायचं, मालक आज खुशीत हायेत का घसा सुकलाय. लई गोड वाटायचं मला. तोंडावर कधी बोलले न्हाई. मी बोलले असते तर मालक डोक्यावर बसले असते.

घाटाचा एक नेम हाये. माईकपुढनं माणूस गेलं, की त्याचं नाव पुकारायचं. गाडेवाला असो, बैलाला पाणी दाखवणारा असो, न्हाईतर नुसता नारळ घेऊन आलेला असो. कुणाचं नाव राहिलं की रुसवा. माणसं वर्षभर बोलत न्हाईत. एकदा ह्यांच्याकडनं माझ्या सख्ख्या भावाचं नाव राहिलं, तर त्यानं दिवाळीला मला न्यायलाच पाठवलं न्हाई! म्हणून मालकांना सवयच लागलेली. दिसला माणूस, की पुकार नाव. नाव ठाऊक नसलं तर अंदाजानं ठेवून द्यायचं, पण बिननावाचं कुणाला जाऊ द्यायचं न्हाई.

तर त्या वर्षी, चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असंल, चैतातल्या जत्रंला हौशीराम शेठचा तंबू आला. फिरता सिनेमा. रिळांच्या पेट्या एष्टीच्या टपावरनं यायच्या. त्या दिवशी देवाचा सिनेमा लागणार म्हणून दवंडी पिटलेली, बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आलेल्या, देव पडद्यावर आला की ओवाळायला. आन् झालं काय, आळेफाट्याला दोन पेट्या उतरल्या. एक आमची, आन् एक नाशकाकडच्या कुठल्या कालेजात जायची. फाट्यावर एक गाडी नाशकाला तोंड करून, दुसरी नगरला, हमाल बिचारा कुठं कुठं बघल? आमचा देव गेला कालेजात आन् कालेजाची पेटी आली बोरीला.

मशीन सुरू झालं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मग एक बंगला, आन् समदे गोरे. ना रंग, ना गाणं. माझ्या शेजारी आमच्या आळीतल्या बायडाबाई बसल्या व्हत्या. त्यांनी ताटातली वात पेटवलेलीच व्हती. त्या म्हणल्या, "अगं प्रयागा, ह्यातला देव कोण?"

पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या सुरू झाल्या. तिकिटं परत द्या म्हणून ओरडा. हौशीराम शेठला दरदरून घाम फुटला. आमचे मालक दिवसभर घाटात पुकारून दमले व्हते, पाठीमागं शेंगा खात बसलेले. शेठ त्यांच्या पायाशीच बसला.

"नाना, अब्रू वाचवा. माईक घ्या आन् काय चाललंय ते सांगा."

"आरं राव, मला कुठं इंग्रजी येतंय?"

"मग त्यांना तरी कुठं येतंय?"

हे मालकांना पटलं. माईक घेतला, एक फुंकर मारली, आन् घाटातल्यासारखाच आवाज लावला. "आली, आली, साहेबाची मोटार बंगल्याच्या दारात आली! बघा राव, काय ती मोटार! साहेब उतरतोय, रागात हाये साहेब, सकाळधरनं काय खाल्लेलं न्हाई! आन् आता दार कोण उघडतंय? दार उघडतीया..." हितं जरा अडकले. दारात एक बाई. काळा झगा, पांढरं फडकं पुढं बांधलेलं, डोक्याला टोपी. त्या सिनेमावाल्यांनी तिला काय नाव दिलं व्हतं का न्हाई, देव जाणे. पण आमच्या मालकांपुढनं बिननावाचं कोण जाईल? "दार उघडतीया आपली सखू!"

हशा पिकला. पण नाव पडलं ते पडलं.

आता तुमी म्हणाल, त्या बाईत काय एवढं? सांगते. ती ताट घेऊन जिना चढत व्हती. दोन्ही हात गुंतलेले. केसाची बट आली डोळ्यावर. तर तिनं ताट एका हातावर तोललं आन् दुसऱ्या हाताचं मनगट उलटं करून बट मागं सारली. बोटं न्हाई लावली, मनगट लावलं. बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या तोंडातनं एकदम "आगं बाय!" निघालं. पिठाचं हात असले, खरकटं हात असले, की आमी तशीच बट मागं सारतो. त्या गोरीला हे कुणी शिकवलं? तिनं घरी हंडाभर भांडी घासली असणार, त्याबिगर असं मनगट वळत न्हाई. बायडाबाईंनी ताटातली वात इझवली आन् ताट बाजूला ठेवलं. म्हणल्या, "ही आपल्यातली हाये."

मग तर मालकांना चेवच आला. पडद्यावर साहेब-मडमेचं भांडण चाललेलं, पण ह्यांचं सगळं ध्यान सखूवर. सखू किती वाजता उठली, सखूच्या पायात काटा मोडलाय, सखूनं आज उभ्यानं खाल्लं. ती फार येत न्हवती हो पडद्यावर. घटकाभर दिसायची आन् जायची. पण ती नसली की मालक सांगायचे, ती आत काय करतीया. मग पुढं मडम तिच्यावर कावली. बोट नाचवून नाचवून बोलली. सखू पहिल्यांदा खाली बघत व्हती, मग मान वर केली, सरळ मडमेच्या डोळ्यात बघितलं, आन् काहीतरी बोलली. मालक गरजले, "बोलली! सखू बोलली! बाई, तुझं काम हितंच ऱ्हायलं! दोन हात हायेत मला, कुठंबी भाकरी थापीन!"

टाळ्या, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. मग सखू एक छोटी पेटी घेऊन मागच्या दारानं निघाली. दारात थांबून एकदा बंगल्याकडं बघितलं, आन् गेली.

ती त्या सिनेमात परत आलीच न्हाई. पण आमच्या मालकांनी तिला सोडलं न्हाई. पडद्यावर साहेब रडतोय, मडम रुसलीया, आन् माईकवर हे, "बसू द्या ह्यांना रडत, तिकडं सखू स्टँडवर पोचली! सखूला गाडी मिळाली! सखू फाट्यावर उतरली!" शेवटी साहेब-मडम मोटारीत बसून कुठंतरी चालले. मालक म्हणले, "मोटार कुठं चालली? भूक लागलीया दोघांना. मोटार चालली फाट्यावर, सखूच्या हाटेलात!" आन् तंबूत दिवे लागले. एका माणसानं तिकिटाचं नाव काढलं न्हाई.

तवापासनं सखू गावात राहायलाच आली म्हणा. बायडाबाईंनी म्हशीच्या पारडीचं नाव सखू ठेवलं. सुनेला सासू जास्त बोलली, की सून म्हणायची, "मी सखूवानी पेटी उचलीन हां." आन् घाटात दोन बाऱ्यांच्या मधी येळ पडला, की माणसं खालून ओरडायची, "नाना, सखूचं पुढं काय झालं?" मालक लगेच, "सखूनं दुसरी भट्टी लावली! टरकवाल्यांची रांग लागलीया! साहेब परवा येऊन गेला, सखूनं त्याला उधार दिलं न्हाई!" ह्या गावातनं त्या गावात सखूची खबर जायची. मंचरकडची माणसंबी इचारायची. दहा-बारा वर्सं असंच चाललं. घाटात सगळी मला नानांची बायको म्हणून ओळखायची, आन् मला सवतीवानी ही सखू. पण खरं सांगू, मला ती आवडायची. लई आवडायची. कधीकधी एकटी भांडी घासताना मीच तिच्याशी बोलायचे.

आन् मग मालकांच्या घशात गाठ निघाली.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात आपरेशन झालं. गाठ गेली. जीव वाचला, देवाची किरपा. पण आवाज गेला. सगळा न्हाई, बरं का. डाक्टरनं मला समोर बसवून सांगितलं, "बाई, आवाज राहिलाय, पण पहिल्यासारखा येणार नाही. घोगरा येईल, बारीक येईल. पण रोज बोलायला लावा. बोलले नाहीत तर हाही जाईल." तिथल्या एका पोरीनं त्यांना आवाजाचा व्यायाम शिकवला, आ करा, ऊ करा.

घरी आल्यावर एकदा, फक्त एकदाच, मला हाक मारायला गेले. आवाज आला तो कसा, तर पत्र्यावर कुणी खरवडावं तसा. ह्यांनी स्वतःच ऐकला आन् तोंडच मिटलं. अंगणातली कुत्रीबी बघायला लागली हो! त्यानंतर शब्द न्हाई. आमी शेतावर चाललो की मान हलवायची, भूक लागली की पोटाला हात. चहा पायजे तर दोन टाळ्या, पाणी पायजे तर एक. मी म्हणलं, "मी काय कबूतर हाये का तुमचं, टाळ्या वाजवून बोलवायला?" हसलेसुद्धा न्हाईत.

मी काय काय केलं न्हाई? भांडले. चहा दिला न्हाई. एकदा मुद्दाम त्यांच्या देखत शेजारणीला म्हणलं, की ह्यांच्यापेक्षा त्यो ओतूरकडचा पोरगा बरा पुकारतो. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, आन् मग मलाच रडू आलं. घाटातनं बोलवणी यायची, हे परड्यात जाऊन बसायचे. माणसं भेटायला आली की पांघरूण घेऊन झोपल्याचं सोंग. सहा म्हयने गेले, सात गेले. मला रोज वाटायचं, आज बोलले न्हाईत, म्हंजी आवाज आजून थोडा गेला. कणगीला भोक पडावं आन् दाणं गळत राहावं, तसं. आन् मी नुसती बघत बसले व्हते.

अशात आमचा प्रबुद्ध आला. गावातल्या भागुजींचा मुलगा. खोडदला त्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या हायेत ना, आभाळातलं ऐकायच्या, तिथं नोकरीला हाये. इंग्रजी फाडफाड बोलतो, पण आमच्या दारात आला की पहिलं गुळ-शेंगदाणं मागतो. तंबूत तो दहा वर्सांचा व्हता, बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

"काकू," म्हणला, "सखू सापडली."

मला वाटलं, बायडाबाईंची म्हैस.

मग त्यानं सांगितलं. त्यांच्याकडं परदेशातनं एक म्हातारा साहेब आला व्हता, जुन्या सिनेमाचा येडा. प्रबुद्धनं त्याला चहा पिता पिता आमच्या सखूची गोष्ट सांगितली. जिना, ताट, पेटी, मोटार. साहेब हसून हसून बेजार. पण त्यानं इचार करून करून सिनेमा वळखला, आन् गावी गेल्यावर त्याची सीडी पाठवून दिली. त्या बाईचंबी हुडकून काढलं. विनी प्रॉक्टर तिचं नाव.

"पन्नास-साठ सिनेमांत काम केलं तिनं, काकू. सगळ्यात मोलकरीण, नाहीतर नर्स, नाहीतर शेजारीण. बऱ्याच सिनेमांत तर नावसुद्धा दिलेलं नाही. ह्यातसुद्धा नाही. गेली ती, लई वर्षं झाली."

साठ सिनेमांत दारं उघडली, ताटं नेली, आन् पाटीवर नाव न्हाई! कोण कुठली बाई, साता समुद्रापल्याडची. तिला कुणीतरी सांगायला पायजे व्हतं, की बाई, हितं बोरीला तुला नाव हाये. हितं तुझ्या नावाची म्हैस हाये, हाटेल हाये. हितं तुझी खबर इचारतात.

तवाच माझ्या मनानं घेतलं. सगळ्या गावाला बोलवायचं आन् सखू दाखवायची. मालक एवढी वर्सं जिला घेऊन हिंडले, तिला बघून तरी तोंड उघडतील.

ऐतवारी दुपारी आमच्या कांदा साठवायच्या चाळीत बेत केला. चाळ रिकामीच व्हती, चहुबाजूंनी ताडपत्री लावली, की आत अंधार. प्रबुद्धनं टीव्ही आन् सीडीचं मशीन जोडलं. बायामाणसं पोती टाकून बसली, तंबूतलीच सगळी, डोक्यावरची केसं पांढरी झालेली. मालकांना मी हाताला धरून आणलं. ते सगळ्यात मागं, दाराजवळच्या बाजेवर, अर्धं तोंड फिरवून बसले.

सिनेमा लागला. बंगला आला, मोटार आली. दार उघडलं.

"आली! आली सखू!"

सगळी चाळ हसायला लागली. जिना आला, ताट आलं, मनगट आलं. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मी मागं वळून बघितलं. मालकांनी मान फिरवलेली. पडद्याकडं बघत व्हते! माझा जीव सुपाएवढा झाला.

आता खाली पट्टीवर इंग्रजी अक्षरं यायची आन् प्रबुद्ध मोठ्यानं मराठीत सांगायचा. मीच सांगितलं व्हतं त्याला, सगळं नीट सांग म्हणून. मडम कावली, बोट नाचवलं. सखूनं मान वर केली, आन् बोलली.

सगळे वाट बघत व्हते. प्रबुद्ध पट्टी परत परत वाचायला लागला.

"सांग की रं," बायडाबाई म्हणल्या.

"ती म्हणते..." प्रबुद्धचा आवाज बारीक झाला, "ती म्हणते, बाईसाहेब, मला काढू नका. माझी आई आजारी आहे. मी पाया पडते तुमच्या."

बायडाबाई उठून उभ्या राहिल्या. "खोटं! ती आसं म्हणत न्हाई. ती म्हणती दोन हात हायेत मला!"

"तसं लिहिलंय, आजी."

मग ती पेटी घेऊन निघाली, आन् सिनेमा पुढं चालत राहिला, साहेब-मडम, साहेब-मडम. सखूचा पत्ता न्हाई. मोटार निघाली, तर प्रबुद्ध म्हणला, ते समुद्रावर फिरायला चाललेत. कुणीतरी म्हणलं, "म्हंजी नानांनी आपल्याला चांगलंच बनवलं की." वाईट न्हाई बोललं, हसतच बोललं. पण बोललं.

मी मागं बघितलं. मालक उठले व्हते. ताडपत्रीला हात घातलेला.

मला एकच कळत व्हतं, की आता हा माणूस बाहेर गेला, तर परत कधी तोंड उघडायचा न्हाई. मीच बोलवलं सगळ्यांना, मीच घात केला. मी ओरडले, "प्रबुद्ध, मागं घे! पेटीपाशी घे! आन् आवाज बंद कर त्याचा!"

त्यानं घेतलं. टीव्ही मुका झाला. सखू दारात, हातात पेटी. आन् सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता कुणीतरी सांगायला पायजे ना? मी आयुष्यात चार माणसांपुढं उभी राहिले न्हाई कधी. पण लागले सांगायला.

"सखू निघाली... पेटी घेतली... स्टँडवर गेली..." पुढं काय? मला काय सुचंना. दहा-बारा वर्सं ऐकलेलं सगळं डोक्यातनं पुसून गेलं. "स्टँडवर गेली, तर... गाडी न्हवती. लई येळ बसली. मग... मग अंधार पडला, म्हणून ती माघारी आली."

"आँ?" बायडाबाई म्हणल्या.

"माघारी आली आन्... मडमेच्या पाया पडली, आन् मडम म्हणली बरं..."

लोक म्हणतात, प्रयागबाईनं मुद्दाम चुकवलं, लई हुशार बाई. कसली हुशार! बोबडी वळली व्हती माझी. तोंडात येईल ते बोलत व्हते.

"न्हाई."

पत्र्यावर खरवडावं, तसा आवाज. सगळ्यांच्या माना मागं.

मालक ताडपत्री सोडून उभे व्हते. मान लाल झालेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. रागावले व्हते हो! माझ्यावर असे रागावले व्हते, की आवाज कसा हाये ते इसरलेच.

"सखू माघारी येत न्हाई," म्हणले.

ते पोत्यांमधनं वाट काढत पुढं आले, टीव्हीपाशी. प्रबुद्धला हातानं खूण केली, मागं घे. मडमेचं बोट आलं, तिथं थांबवायला लावलं. सखूची मान वर झालेली, डोळं मडमेच्या डोळ्यात.

"प्रबुद्ध सांगतोय ते खरं हाये," मालक म्हणले. एकेका शब्दाला थांबत व्हते, मधी वारं भरून घेत व्हते. "बोलायचं काय, ते कंपनीनं दिलं. तिला पगार व्हता. पाया पड म्हणले, पडली. पण डोळं बघा. डोळं कंपनीचं न्हाईत. डोळं तिचं हायेत. हे डोळं पाया पडत्यात का?"

आमी बघितलं. सगळ्या चाळीनं बघितलं. न्हाई पडत व्हते पाया. तुमीबी बघितलं असतं तर तुमालाबी दिसलं असतं.

"मी भाषा न्हाई ऐकली," मालक म्हणले. "मी तिचं तोंड बघून पुकारलं. घाटात बैल काय बोलून सांगतो का, मी पळणार हाये म्हणून?"

कुणीतरी "वा नाना!" म्हणलं. बायडाबाई पदरानं डोळं पुसत व्हत्या. आन् मागनं एक म्हातारा, जरा कमी ऐकू येतं त्याला, तो ओरडला, "नाना, सखूचं पुढं काय झालं? मोठ्यानं सांगा, हितं ऐकू येईना!"

मालक थांबले. मला वाटलं, संपलं. आता लाजतील, आता बसतील गप. त्यांनी गळ्याला हात लावला, एकदा गिळलं.

"मोठ्यानं जमायचं न्हाई आता," म्हणले. "तुमीच जवळ या."

आन् सगळी चाळ पुढं सरकली. पोती ओढत, गुडघं घासत, एकमेकांच्या अंगावर रेलत, म्हातारी माणसं टीव्हीपाशी येऊन बसली. त्या कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला दोघांनी उचलून ह्यांच्या पायाशी आणून बसवलं. घाटात एवढी माणसं असायची, पण असं श्वास धरून कुणी ऐकलेलं मी कधी बघितलं न्हवतं. मालक सांगत व्हते, सखूला गाडी मिळाली, सखू फाट्यावर उतरली, रात फाट्यावरच काढली, सकाळी तीन धोंडं मांडून चूल पेटवली. घोगरा, बारीक आवाज, उकळत्या चहाच्या पातेल्याएवढासुद्धा न्हाई. मला वाटलं, एवढा चांगला आवाज मी जल्मात ऐकला न्हाई. मला हुंदका आवरंना. मोठ्यानं रडायला लागले, सगळ्यांच्या देखत, लाज सोडून.

मालक सांगता सांगता थांबले. माझ्याकडं बघितलं.

"प्रयागा, रडू नको," म्हणले, "लोकांना ऐकू येत न्हाई."

एवढ्या म्हयन्यांनी माझ्याशी बोलले, तेबी दटावून. मी पदर तोंडात कोंबला आन् ऐकत बसले.